पोलिसाची नोकरी सांभाळून पदवी: एकही परीक्षा न चुकवता

महाराष्ट्र पोलीस दलात शिपाई म्हणून भरती व्हायला बारावी पुरते. पुढे फौजदारकीच्या थेट भरतीला बसायचं म्हटलं की लोकसेवा आयोग पदवी मागतो. तोवर नोकरीला चार-पाच वर्षं झालेली असतात, लग्न झालेलं असतं, वयोमर्यादा जवळ येऊ लागलेली असते. मग प्रश्न येतो, "सर, लवकरात लवकर ग्रॅज्युएशन कसं होईल?"

मी मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रावर समंत्रक म्हणून शिकवतो. संपर्क सत्राला मागच्या बाकावर अर्ध्या गणवेशात, डोळ्यांत रात्रपाळी घेऊन बसणारी मंडळी मला नवी नाहीत. त्यांना मी सांगतो की तीन वर्षांची पदवी दोन वर्षांत उरकायच्या नादी लागू नका, ती सहा वर्षांची होणार नाही एवढं बघा. खात्यातल्या माणसाला अभ्यासक्रम क्वचितच जड जातो. त्याची पदवी लांबते ती पेपरच्या दिवशी तो बंदोबस्तावर असल्यामुळे. पुढचं सगळं ही एक गोष्ट डोळ्यांसमोर ठेवून वाचा.

पहिली पायरी: आधीचं काय जमा आहे ते शोधा

भरतीआधी कॉलेजात नाव घालून एफवाय किंवा एसवाय केलेले बरेच जण असतात. ट्रेनिंगचं बोलावणं आलं आणि कॉलेज सुटलं. त्या गुणपत्रिका माळ्यावरच्या पेटीत पडलेल्या असतात आणि माणूस पुन्हा पहिल्या वर्षापासून प्रवेश घेतो. तसं करण्याआधी जुन्या कॉलेजातून गुणपत्रिका आणि स्थलांतर प्रमाणपत्र मिळवा आणि नव्या विद्यापीठाला लेखी विचारा की थेट दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षाला प्रवेश मिळेल का, आधीचे किती श्रेयांक (क्रेडिट) धरले जातील. उत्तर 'नाही' आलं तरी अर्जापलीकडे काही गेलं नाही. 'हो' आलं तर वर्ष वाचलं, आणि वर्ष वाचवण्याचा इतका स्वस्त मार्ग दुसरा नाही.

अलीकडे शिकलेल्यांचे श्रेयांक अॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा असू शकतात. ही व्यवस्था २०२१ साली सुरू झाली. तिच्यात जमा झालेला श्रेयांक जास्तीत जास्त सात वर्षं वापरता येतो. म्हणजे ज्यांचं शिक्षण अर्धवट सुटून पाच-सहा वर्षं झाली आहेत, त्यांनी हे काम पुढच्या महिन्यावर ढकलू नये.

दहावीवर सेवेत आलेले किंवा अनुकंपा तत्त्वावर लागलेले काही जण असतात, त्यांना आधी बारावी करावी लागेल. त्यासाठी राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म आहे, नाहीतर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था आहे. बारावीशिवाय थेट पदवी देतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. उद्या एलएलबीला जायचं ठरवलं तर बार कौन्सिलच्या नियमांत तीच पदवी आडवी येते.

दुसरी पायरी: विद्यापीठ

नियमित कॉलेजात नाव घालून हजेरी 'मॅनेज' करण्याचा सल्ला ठाण्यातलाच कोणीतरी देतो. तो ऐकू नका. त्याच वेळी तुमची हजेरी स्टेशन डायरीत लागलेली असते आणि एक माणूस एका वेळी दोन ठिकाणी हजर असल्याचे दोन सरकारी पुरावे तयार होतात. दूरशिक्षण हाच सरळ मार्ग आहे. २०२० च्या नियमावलीनुसार मान्यता असलेल्या संस्थेची दूरशिक्षणातली किंवा ऑनलाइन पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरली जाते, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये हे पुन्हा जाहीर केलं. त्यामुळे 'मुक्तची पदवी चालत नाही' ही कँटीनमधली चर्चा सोडून द्या.

आपल्याकडे मुख्य पर्याय दोन. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ, स्थापना १९८९. बीए-बीकॉमचा अभ्यास मराठीतून, पुस्तकं सोप्या भाषेत, अभ्यासकेंद्रं तालुक्यापर्यंत. दुसरं इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, म्हणजे इग्नू, स्थापना १९८५. तिथे प्रवेश जानेवारी आणि जुलै अशा दोन सत्रांत मिळतो, सत्राअखेरच्या परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये होतात आणि पदवीला किमान तीन, कमाल सहा वर्षं मिळतात. अभ्याससाहित्य प्रामुख्याने इंग्रजी आणि हिंदीत असतं. मुंबई विद्यापीठाचं दूरशिक्षण केंद्रही आहे, जुन्या लोकांना ते 'आयडॉल' म्हणून माहीत आहे. ते १९७१ पासून चालत आलेलं आहे.

यातलं कुठलं निवडायचं? एका जिल्ह्यात स्थिर पोस्टिंग असेल आणि मराठीतून लिहिणं सोयीचं असेल तर नाशिक. राज्य राखीव पोलीस दलात असाल, कंपनी आज गडचिरोलीत आणि उद्या मुंबईत असेल, तर मी इग्नू सुचवतो, कारण परीक्षेचा फॉर्म भरताना दर वेळी परीक्षा केंद्र निवडता येतं. हिंदी वाचायची थोडी सवय करावी लागते, पण ती महिन्याभरात होते.

आता त्या जाहिरातींबद्दल. 'एका वर्षात पदवी', 'सिंगल सिटिंग', 'मागील तारखेचं प्रमाणपत्र'. भारतात पदवी देण्याचा अधिकार केंद्राच्या किंवा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठांना, अभिमत विद्यापीठांना आणि संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्थांनाच आहे. हे १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोग (यूजीसी) कायद्याचं कलम २२. आयोग बोगस विद्यापीठांची यादी प्रसिद्ध करतो, ती पाहा. निवडलेल्या विद्यापीठाला तुमच्या प्रवेशाच्या वर्षासाठी आणि नेमक्या त्याच अभ्यासक्रमासाठी मान्यता आहे का, हे आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर तपासा. बनावट दस्तऐवज खरा म्हणून वापरणं हा भारतीय न्याय संहितेत गुन्हा आहे हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही. कागदपत्रांची पडताळणी होतेच, आणि आरोपी खात्यातला निघाला की बातमी पहिल्या पानावर येते.

विषय निवडताना

इथे फार घोळ घालू नये. प्रात्यक्षिक असलेला विषय टाळा. बीएस्सी तर नकोच, बीएमध्येही भूगोल किंवा मानसशास्त्राला प्रात्यक्षिक आहे का ते आधी पाहा, कारण प्रात्यक्षिकाला ठरलेल्या दिवशी स्वतः हजर राहावं लागतं आणि तो दिवस तुमच्या हातात नसतो. राज्यशास्त्र, इतिहास, अर्थशास्त्र, लोकप्रशासन हे विषय घेतले तर तेच वाचन पुढे लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत कामी येतं. राज्यघटना एकदा नीट वाचली की ती दोन्हीकडे चालते.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार तीन वर्षांनी किमान १२० श्रेयांकांवर पदवी आणि चौथं वर्ष केलं तर ऑनर्स मिळते. स्पर्धा परीक्षेसाठी तीन वर्षांची पदवी पुरेशी आहे. चौथं वर्ष हवं असेल तर नंतर बघू.

लोकसेवा आयोगाला टक्के लागत नाहीत, नुसती पदवी चालते. पण खात्यातल्या बऱ्याच जणांना पुढे वकिलीचं शिक्षण घ्यायचं असतं. तीन वर्षांच्या एलएलबीला खुल्या प्रवर्गात पदवीला किमान ४५ टक्के लागतात. आणि एलएलबी दूरशिक्षणाने होत नाही, हेही आत्ताच सांगून ठेवतो. तर 'पास झालं की बस' असं न म्हणता पन्नासच्या आसपास नजर ठेवा.

परवानगीचा अर्ज

पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यामार्फत, योग्य मार्गाने, पोलीस अधीक्षक किंवा आयुक्त कार्यालयाला अर्ज करा: अमुक विद्यापीठाचा अमुक अभ्यासक्रम दूरशिक्षणाने, कर्तव्यात बाधा न आणता करू इच्छितो. आवक क्रमांक आणि शिक्का असलेली प्रत आपल्याकडे ठेवा. काही ठिकाणी मंजुरी झटकन येते, काही ठिकाणी टेबलावर पडून राहते. आस्थापना शाखेत आठवड्याने एकदा चौकशी करत राहिलं की बहुतेक वेळा काम होतं. हा कागद दोनदा कामी येतो. एकदा परीक्षेसाठी रजा मागताना आणि दुसऱ्यांदा पदवीची नोंद सेवापुस्तकात करताना.

अध्ययन रजा नावाची एक रजा नियमांत आहे. नावावर जाऊ नका, साध्या बीएसाठी ती मिळेल या हिशेबावर बसू नका. तुमची भिस्त किरकोळ आणि अर्जित रजेवरच.

प्रवेश, आणि नावाचा घोटाळा

दूरशिक्षणाच्या प्रवेशासाठी आता डेब आयडी (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाचा नोंदणी क्रमांक) लागतो, आणि तो काढायला आधी अॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा आयडी. हा डिजिलॉकरमधून निघतो. दोन्ही आधारवर चालतात आणि इथेच गाडी रुतते. बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, सेवापुस्तकात वडिलांच्या नावाचं स्पेलिंग वेगळं. महिला अंमलदारांचं तर लग्नाआधीचं आणि नंतरचं नाव अशी दोन-दोन नावं. प्रवेश सुरू होण्याआधी महिनाभर आधार दुरुस्त करून घ्या. लग्नानंतरच्या नावाचं राजपत्र असेल तर त्याच्या चार प्रती काढून ठेवा. पदवीच्या प्रमाणपत्रावर चुकीचं नाव छापून आल्यावर ते दुरुस्त करायला लागणारा वेळ हा निव्वळ वाया गेलेला वेळ असतो.

अभ्यासकेंद्र आणि परीक्षा केंद्र घरापेक्षा पोस्टिंगच्या जागेजवळ घ्या. परीक्षेआधी गावी जाऊन राहू, असं सगळ्यांना वाटतं. प्रत्यक्षात आदल्या रात्रीपर्यंत ड्युटी असते. सर्वसाधारण बदल्या एप्रिल-मेमध्ये होतात, उन्हाळी परीक्षाही त्याच सुमारास. यंदा बदलीला पात्र असाल तर केंद्र बदलण्याची मुदत कधी संपते ते केंद्र संयोजकाला आधीच विचारून ठेवा.

बंदोबस्ताचं वेळापत्रक आणि परीक्षेचं वेळापत्रक

सगळ्यात जास्त वर्षं इथे बुडतात, म्हणून जरा सविस्तर.

प्रवेश झाला की एक मोठा भिंतीवरचा कॅलेंडर घ्या आणि त्यावर आधी बंदोबस्त मांडा, अभ्यास नंतर. १९ फेब्रुवारीची शिवजयंती, १४ एप्रिल, जून-जुलैतली आषाढी वारी, मोहरम, गणेशोत्सव, नवरात्र, ६ डिसेंबर, नागपूरचं हिवाळी अधिवेशन, ३१ डिसेंबरची रात्र आणि लगेच १ जानेवारीचा पेरणे विजयस्तंभाचा बंदोबस्त. त्यात निवडणूक आली तर सगळंच पुढे-मागे होतं. हे प्रत्येकाला सारखं लागू नाही. सोलापूर ग्रामीणवाल्याला आषाढी जितकी जड, तितकी ती चंद्रपूरवाल्याला नाही. तुमच्या घटकात कुठले बंदोबस्त हमखास लागतात ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

आता त्यावर परीक्षा ठेवून बघा. इग्नूचा डिसेंबर म्हणजे नागपूर अधिवेशन आणि चैत्यभूमी. जून म्हणजे पालखीच्या वाटेवरच्या जिल्ह्यांत वारी. म्हणजे दोन्ही सत्रांत धोका आहे आणि तो आधीच माहीत आहे. दिवाळीनंतर अभ्यासाला बसणारा माणूस डिसेंबरला हमखास अडकतो, कारण त्याचं वाचन पेपरच्या आदल्या आठवड्यावर टांगलेलं असतं. गणपतीच्या आधी निम्मा अभ्यास झालेला असेल तर डिसेंबरात नुसती उजळणी उरते, आणि उजळणी बंदोबस्ताच्या व्हॅनमध्येही होते.

वेळापत्रक जाहीर झालं की त्याच दिवशी, पेपरच्या तारखा नमूद करून, हॉल तिकिटाची वाट न बघता रजेचा अर्ज द्या. हॉल तिकीट आलं की ते मागाहून जोडा. प्रत्येक पेपरसाठी पूर्ण दिवस मागण्यापेक्षा, पेपर सकाळचा असेल तर आदल्या रात्रीची नाईट नको आणि दुपारनंतर ड्युटीवर हजर होतो, अशी मागणी ठेवली तर ठाणे अंमलदारालाही ती बसवायला सोपी जाते. साप्ताहिक सुट्टी बदलून घ्या. सहकाऱ्याची एखादी नाईट आधीच करून ठेवा. ड्युटी लावणाऱ्या हवालदाराशी चांगले संबंध ठेवणं हा या अभ्यासक्रमाचा न छापलेला पेपर आहे.

एक गोष्ट हटकून विसरली जाते, ती म्हणजे कोर्टाची साक्ष. तपासी अंमलदार किंवा पंचनाम्यातले कर्मचारी म्हणून समन्स येतं आणि नेमकी तारीख पेपरची असते. समन्स हातात पडताच कोर्ट पैरवी अंमलदारामार्फत सरकारी वकिलांना परीक्षेची तारीख कळवा. आधी सांगितलं तर पुढची तारीख मिळण्याची शक्यता असते. त्या दिवशी नुसतं गैरहजर राहिलात तर वॉरंट निघू शकतं.

आणि एवढं करूनही एखादा पेपर गेलाच तर? बाकीचे पेपर द्या. एक बुडाला म्हणून रागाने सगळं सत्र सोडून देणारे मी पाहिले आहेत. राहिलेला विषय पुढच्या परीक्षेत काढता येतो, सोडून दिलेलं सत्र मात्र अख्खं पुन्हा करावं लागतं.

अभ्यास किती, कसा

कागदावरचा हिशेब असा: दूरशिक्षणात एक श्रेयांक म्हणजे ३० तासांचा अभ्यास धरतात. १२० श्रेयांकांचे ३६०० तास होतात, म्हणजे तीन वर्षांत आठवड्याला साधारण २३ तास. घाबरू नका. मराठीतून, ओळखीच्या विषयांत, रोज तास-दीड तास आणि सुट्टीच्या दिवशी चार तास नेमाने बसणारा माणूस व्यवस्थित पास होतो. नेमाने या शब्दावर मात्र सूट नाही.

नाईट संपवून आल्यावर अभ्यास करायचा प्रयत्न करू नका, डोक्यात काही राहत नाही. आधी झोपा. ड्युटीवर निघण्याआधीचा तास सगळ्यात चांगला. नाशिकच्या विद्यापीठाची पुस्तकं संकेतस्थळावर आहेत, इग्नूची ई-ज्ञानकोशवर आहेत. मोबाइलमध्ये उतरवून ठेवली की प्रवासात, मुख्यालयात थांबलेलं असताना वाचता येतात. गार्ड ड्युटीवर मात्र मोबाइल काढू नका. चौकशी लागली तर पदवीपेक्षा महाग पडेल.

गृहपाठ आधी संपवा. इग्नूच्या बीएला ३० टक्के गुण असाइनमेंटचे आणि ७० टक्के परीक्षेचे असतात. असाइनमेंटची मुदत परीक्षेच्या बरीच आधी संपते आणि ती चुकली की तो विषय अडकून पडतो, पेपर कितीही चांगला गेला तरी. शिवाय हे गुण घरी बसून, पुस्तक समोर ठेवून मिळणारे आहेत. दुकानातून लिहून घेऊ नका. त्या बहाण्याने निदान एकदा तरी पुस्तक वाचून होतं.

मग मागच्या चार-पाच परीक्षांच्या प्रश्नपत्रिका गोळा करा. प्रश्न फिरून फिरून तेच येतात. प्रत्येक घटकातले नेहमीचे प्रश्न काढून त्यांची उत्तरं स्वतःच्या हाताने, घड्याळ लावून लिहा. तीन तास सलग लिहायची सवय मोडलेली असते, असं वाटतं खरं. पण जबाब, पंचनामे आणि स्टेशन डायरी लिहिणाऱ्या माणसाचा हात इतर विद्यार्थ्यांपेक्षा चांगलाच चालतो. घटनेचा क्रम लावून, मुद्दा न सोडता लिहिणं तुम्हाला येतं. फक्त भाषा बदला. 'सदर पंचवार्षिक योजना ही अस्तित्वात येऊन तिने नमूद उद्दिष्टे साध्य केल्याचे दिसून येते' अशी उत्तरं मी तपासली आहेत. परीक्षकाला हसू येतं, गुण मात्र कमीच मिळतात.

कायदेशीर मार्गाने वेग वाढतो का?

थोडासा. 'स्वयम्' या सरकारी व्यासपीठावरचे काही ऑनलाइन अभ्यासक्रम परीक्षा देऊन पूर्ण केले तर त्यांचे श्रेयांक पदवीत धरता येतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमानुसार एका सत्रातल्या ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम असे करता येतात, पण तुमच्या विद्यापीठाने तो अभ्यासक्रम मान्य केलेला असला पाहिजे. आधी विचारा, मग नाव नोंदवा. आयोगाने पदवी कमी वेळात पूर्ण करण्याची मुभाही आणली आहे. त्यात तीन वर्षांची पदवी फार तर एक सत्र आधी संपते, म्हणजे सहाऐवजी पाच सत्रांत. निवड संस्था करते, जागा मर्यादित असतात आणि दर सत्राला जास्त श्रेयांक उचलावे लागतात. पूर्णवेळ विद्यार्थ्याला ते झेपेल. बारा तास ड्युटी करणाऱ्याने सहा महिने वाचवण्यासाठी हा भार घेऊ नये, असं माझं मत आहे. कामाच्या अनुभवाला श्रेयांक देण्याची तरतूद २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात आहे. तुमचं विद्यापीठ पोलीस प्रशिक्षणाला काही देतं का, हे विचारायला हरकत नाही, मात्र त्यावर विसंबून बेत आखू नका.

शेवटचं वर्ष

तिसऱ्या वर्षात जाताना मागचा एकही विषय राहू देऊ नका. पदवीच्या अखेरच्या वर्षाला बसलेल्या उमेदवाराला लोकसेवा आयोगाची संयुक्त पूर्व परीक्षा देता येते, पण मुख्य परीक्षेचा अर्ज भरण्याच्या तारखेपर्यंत पदवी हातात यावी लागते. म्हणजे पहिल्या वर्षाचा राहिलेला एक इंग्रजीचा पेपर पूर्व उत्तीर्ण झालेल्या माणसाला घरी बसवू शकतो. जाहिरातीत कुठली तारीख ग्राह्य आहे ते शब्दन् शब्द वाचा. खात्यांतर्गत परीक्षेचे आणि पदोन्नतीचे नियम बदलत आले आहेत, त्यासाठीही त्या-त्या वेळचा शासन निर्णयच पाहा, व्हॉट्सअॅपवर आलेला फोटो नको.

निकाल लागला की पदवीदान समारंभाची वाट न बघता तात्पुरत्या पदवी प्रमाणपत्रासाठी अर्ज करा. सगळ्या सत्रांच्या मूळ गुणपत्रिका जमवा. त्यांच्या साक्षांकित प्रती आणि परवानगीचा जुना कागद जोडून आस्थापना शाखेला द्या, सेवापुस्तकात नोंद घ्यायला सांगा आणि नोंद झालेल्या पानाची प्रत मागून घ्या. लोकसेवा आयोगाचा अर्ज भरताना कार्यालयाला कळवायचं पत्रही त्याच फेरीत देऊन टाका.